फळीची तहान आणि फवाऱ्याचा वेग

उत्तर अमेरिकेतील उपनगरांत घराच्या मागच्या अंगणाला सहसा सहा फूट उंचीचे लाकडी कुंपण असते, आणि न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्निया येथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना, ज्यांनी आजवर विटांची भिंत किंवा जांभ्याचा गडगा पाहिलेला असतो, त्या कुंपणाची निगा राखण्याचे काम नव्याने शिकावे लागते. दर काही वर्षांनी या कुंपणाला सीलर द्यावा लागतो. सीलर म्हणजे लाकडात मुरून पाण्याला अटकाव करणारा तेलयुक्त किंवा पाण्यात मिसळलेला पातळ द्रव. दीडशे फूट लांबीच्या कुंपणाच्या दोन्ही बाजू धरल्या तर अठराशे चौरस फूट क्षेत्र होते, आणि तेवढे काम ब्रशने करायचे म्हटले की दोन-तीन आठवड्यांच्या सुट्या त्यात जातात, म्हणून फवारणी यंत्राचा विचार पुढे येतो. दुकानात मात्र निवड बहुधा यंत्राच्या ताकदीवरून केली जाते. वास्तविक या निवडीची सुरुवात लाकडापासून व्हायला हवी, कारण किती द्रव, किती जाड थेंबांत आणि किती वेळ द्यायचा हे फळी ठरवते, आणि कोणते यंत्र योग्य हे त्यातूनच ठरते.

लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते आणि काही पेशीभित्तिकांमध्ये, म्हणजे पेशींच्या भिंतींत, रासायनिक ओढीने धरलेले असते. मोकळे पाणी निघून गेले तरी फळीचा आकार बदलत नाही. परंतु आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांच्या खाली, म्हणजे ज्याला तंतू-संपृक्तता बिंदू म्हणतात त्याच्या खाली उतरली, की भिंतींतील पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. फळीच्या लांबीत ते जवळजवळ नगण्य असते, तर वाढवलयांच्या कडेकडेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. अमेरिकेच्या वायव्य भागात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वाढणारा वेस्टर्न रेड सिडार हा कुंपणासाठी नावाजलेला वृक्ष आहे, आणि ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत त्याचे वलयांच्या दिशेने आकसणे सुमारे ५ टक्के भरते. साडेपाच इंच रुंदीच्या फळीची आर्द्रता उन्हाळा-पावसाळ्यात दहा टक्क्यांनी खालीवर झाली तर तिची रुंदी अडीच मिलिमीटरच्या आसपास बदलते, आणि हीच हालचाल वर्षानुवर्षे खिळ्यांच्या विरोधात होत राहिल्याने फळी चिरते, पिळते आणि खिळ्याची भोके सैल होतात.

नवे लालसर कुंपण वर्षभरात राखाडी होते तेव्हा ते कुजू लागले असे पुष्कळांना वाटते. राखाडीपणा हे प्रकाशाचे काम आहे. लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना जोडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते आणि त्यात त्याचे तुकडे होतात, मग पाऊस ते तुकडे धुऊन नेतो आणि मागे फिकट तंतू उरतात. अतिनील किरण लाकडात जेमतेम ७५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढे, आत जातात. अमेरिकी वनविभागाची विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील वन-उत्पादने प्रयोगशाळा १९१० पासून या विषयावर काम करते, आणि तिच्या अनुमानानुसार उघड्यावरच्या सूचिपर्णी लाकडाची झीज शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर होते. सोळा मिलिमीटर जाडीची फळी त्यामुळे रातोरात संपत नाही. कुंपण संपते ते पाण्यामुळे, आणि तेही ठरावीक ठिकाणी: फळीच्या कापलेल्या वरच्या-खालच्या टोकांशी, आडव्या पट्टीच्या मागे जिथे ओल अडकते तिथे, आणि खांब जिथे जमिनीत शिरतो त्या रेषेवर. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात तंतू-संपृक्ततेच्या वरची ओल लागते, म्हणून आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली राखली की ती जोर धरत नाही. सीलरचे काम इतकेच, पण ते नेमक्या जागी व्हायला हवे.

सीलर लाकडात शिरतो तो केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप चढण्याच्या गुणधर्माने. सूचिपर्णी लाकूड हे तीन-चार मिलिमीटर लांब आणि वीस ते चाळीस मायक्रोमीटर पोकळीच्या असंख्य नळ्यांचे बनलेले असते. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार अशा नळीत द्रव किती खोल जाईल हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध किंवा बोलीत ज्याला दाटपणा म्हणतात तो, वाढला की खोली घटते. या समीकरणातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पातळ द्रव दाट द्रवापेक्षा खोल जातो. आणि खोली दुप्पट हवी असेल तर फळी चौपट वेळ ओली राहायला हवी. फळीच्या सपाट अंगावर परिस्थिती आणखी बिकट असते, कारण तिथे नळ्या आडव्या पडलेल्या असतात आणि एका नळीतून शेजारच्या नळीत जाण्याच्या खिडक्या लाकूड वाळताना पुष्कळदा आतल्या पडद्याने बंद होतात. सपाट अंगावर सीलर काही पेशींच्या थरांपुरताच मुरतो, तर कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असल्याने तो सहज वर चढतो. पाणीही त्याच वाटेने येते.

यावरून यंत्राला काय करायचे आहे ते स्पष्ट होते. मोटारीच्या पत्र्यावर आरशासारखा सलग थर बसवायचा असतो, म्हणून तिथे तुषार जितके बारीक तितके काम चांगले. कुंपणाच्या सीलरचा थर बसवायचाच नसतो. द्रव लाकडात जायला हवा आणि जो जात नाही तो पुसून काढायला हवा, कारण वर साचलेले तेल चिकट राहते आणि व्हार्निशसारखी सलग कातडी झाली तर तिच्या मागे अडकलेली ओल तिला फुगवून सोलून काढते. म्हणून सर्वांत बारीक तुषार पाडणारे यंत्र सर्वांत चांगले हा समज कुंपणाच्या बाबतीत उलटा ठरतो.

तुषार कसे तयार होतात याचा अभ्यास फवारणी यंत्रांच्या आधी झालेला आहे. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी, दृष्टी गेलेली असताना सहकाऱ्यांच्या मदतीने प्रयोग करून, १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की द्रवाची धार तिच्या परिघापेक्षा लांब झाली की ती अस्थिर होते. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा कमीत कमी क्षेत्र व्यापण्याकडे असलेला कल, धारेवरील बारीकशा आकुंचनाला आणखी आवळत नेतो आणि धार थेंबांत तुटते. १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी याचे गणित केले, आणि त्यावरून तुटून होणारा थेंब धारेच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा असतो असे निघते. नळाची बारीक धार खाली जाऊन ठिबकते ती याच नियमाने. फवारणी यंत्रात याच्यावर आणखी एक बळ काम करते: वेगाने जाणाऱ्या थेंबावर हवा आपटते आणि त्याला फाडू पाहते, तर पृष्ठताण त्याला गोल राखू पाहतो. या दोन बळांच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात, आणि तो साधारण १२ च्या पुढे गेला की थेंब फुटतो.

हा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांत करून पाहण्याजोगा आहे. हाताने दाब भरायच्या पंपात दोन बार, म्हणजे वातावरणाच्या दुप्पट, दाब असला तर नोझलमधून द्रव सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, आणि वेबर अंकाच्या निकषावर तेलकट सीलरचे पाऊण मिलिमीटरपर्यंतचे थेंब त्या वेगात अखंड राहू शकतात. एअरलेस यंत्रात, म्हणजे हवेच्या मदतीवाचून केवळ पंपाच्या दाबाने द्रव बारीक छिद्रातून ढकलणाऱ्या यंत्रात, शंभर बार दाब ही मामुली गोष्ट आहे. तिथे वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटर भरतो, आणि त्या वेगात पंधरा मायक्रोमीटरहून मोठा थेंब तत्त्वतः टिकत नाही. प्रत्यक्षात थेंब हवेत लगेच मंदावतात, म्हणून तुषार इतके बारीक होत नाहीत, पण धुके तयार होते ते याच कारणाने. ऊर्जेचा विचार तर थक्क करणारा आहे. एक लिटर द्रवाचे पन्नास मायक्रोमीटरचे थेंब केले तर १२० चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार होतो, पण त्याला लागणारी पृष्ठऊर्जा चार ज्यूलसुद्धा नसते, आणि शंभर बार दाबाने तेच एक लिटर ढकलताना पंप दहा हजार ज्यूल खर्च करतो. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा वेग, खळबळ आणि उष्णता यांत जाते. थेंब वेगाने फळीवर आपटून उसळतात आणि त्यांच्याबरोबर ओढली गेलेली हवा बारीक तुषारांना बाजूला घेऊन जाते.

भरकटलेल्या तुषारांचे पुढे काय होते हे त्यांच्या आकारावर आहे. शंभर मायक्रोमीटरचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाव मीटरच्या थोड्या अधिक वेगाने खाली येतो, तर दहा मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला अवघे तीन मिलिमीटर उतरतो. ताशी सात किलोमीटरची झुळूक, जिच्यात झाडाची पाने जेमतेम हलतात, दीड मीटर उंचीवरून सुटलेल्या पहिल्या थेंबाला दहा-बारा मीटर दूर नेते. दुसरा थेंब वाटेत वाळला नाही तर एक किलोमीटर जाऊ शकतो. शेजाऱ्याची मोटार, त्याच्या खिडक्यांच्या काचा आणि भाजीचा वाफा हे सारे पहिल्याच अंतरात येतात. शिवाय दोन फळ्यांमध्ये फट ठेवलेल्या कुंपणात फवाऱ्याचा काही भाग फटींतून सरळ पलीकडे जातो, म्हणून मागे पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा आडोसा धरणारा दुसरा माणूस हा यंत्राइतकाच आवश्यक असतो.

हवेने रंग उडवणारी गन मुळात वैद्यकातून आली. ओहायो राज्यातील टोलिडोचे डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८० नंतरच्या दशकात घशात औषध फवारण्याचे साधन तयार केले आणि त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. तिचीच पुढची पिढी म्हणजे जास्त हवा आणि कमी दाब वापरणारी एचव्हीएलपी गन, जिच्या तोंडाशी हवेचा दाब चौरस इंचाला दहा पाउंडांपेक्षा अधिक नसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील हवा-गुणवत्ता नियमांनी फवारलेल्या रंगापैकी निदान ६५ टक्के वस्तूवर बसावा अशी अट घातल्यावर या गनला महत्त्व आले. थेंब सौम्य वेगाने जातात, उसळत नाहीत, ही तिची खरी गुणवत्ता आहे. परंतु तिच्या पेल्यात साधारण एक लिटर द्रव मावतो. खडबडीत सिडारवर गॅलनला दीडशे चौरस फूट धरले तर अठराशे चौरस फुटांना बारा गॅलन, म्हणजे पंचेचाळीस लिटर सीलर लागतो, आणि पेला पंचेचाळीस वेळा भरावा लागतो. फाटक, जाळीदार वरची पट्टी, कोरीव खांब यांच्यासाठी ती उत्तम आहे. लांबलचक कुंपणासाठी ती घेऊ नये.

एअरलेस यंत्राची खरी चावी त्याच्या टिपमध्ये, म्हणजे छिद्र असलेल्या तोंडात, असते, आणि टिपवर कोरलेला आकडा वाचता येणे यंत्र विकत घेण्याआधी शिकावे. ४१३ असा आकडा असेल तर पहिल्या अंकाची दुप्पट, म्हणजे आठ इंच, ही बारा इंच अंतरावरून पडणाऱ्या पंख्यासारख्या पट्ट्याची रुंदी असते, आणि शेवटचे दोन अंक छिद्राचा आकार इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात: तेरा हजारांश इंच, म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. छिद्र तेराऐवजी सतरा घेतले तर आकड्यात फरक थोडा दिसतो, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढत असल्याने त्याच दाबाला सत्तर टक्के अधिक द्रव बाहेर पडतो आणि पातळ सीलर फळीवरून ओघळू लागतो. भिंतीच्या रंगासाठी यंत्राबरोबर मिळणारी मोठी टिप सीलरला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. साडेपाच इंची फळीला ३११, म्हणजे सहा इंची पट्टा आणि अकरा हजारांश छिद्र, नेमकी बसते, आणि दाब पट्ट्याच्या कडा तुटक दिसणार नाहीत इतकाच, म्हणजे शक्य तितका कमी ठेवावा. जाहिरातींत कमाल दाबाचा आकडा ठळक छापतात. ग्राहकाने मात्र यंत्र दाब किती खाली आणू देते आणि सर्वांत लहान कोणती टिप चालवते हे विचारावे.

तिसरा पर्याय महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदाराला आणि कापूसवाल्याला पाठीवर घेऊन फिरण्याच्या सवयीचा आहे. हाताने दाब भरायचा पंप अमेरिकेत बागकामाच्या दुकानात अत्यल्प किमतीत मिळतो, आणि पारदर्शक किंवा किंचित रंगछटा असलेला पाण्यासारखा पातळ सीलर असेल तर साध्या घरगुती कुंपणाला याहून चांगले साधन नाही, असे वर दिलेल्या भौतिकशास्त्रावरून निःसंदिग्धपणे म्हणता येते. त्याचे थेंब जाड असतात, कमी भरकटतात, आणि फळी खऱ्या अर्थाने भिजते. मर्यादाही आहेत. रंगकण भरपूर असलेला अपारदर्शक स्टेन त्याच्या नोझलला तुंबवतो. तेलातील द्रावक साध्या रबरी वॉशरांना फुगवतो, म्हणून व्हायटॉनचे वॉशर असलेला पंप घ्यावा लागतो. आणि पूर्वी तणनाशक भरलेला पंप या कामाला, किंवा या कामाचा पंप नंतर झाडांना, कधीही वापरू नये. द्रव पंपाजोगा पातळ आहे का हे कळण्यासाठी रंगाच्या कारखान्यांत वापरला जाणारा फोर्ड कप उपयोगी पडतो: शंभर मिलिलिटरचा पेला, तळाला चार मिलिमीटरहून किंचित मोठे छिद्र, आणि धार तुटेपर्यंत मोजलेले सेकंद. दाट स्टेन असेल, किंवा कुंपण शेकडो फूट असेल, तर एअरलेस यंत्राला पर्याय नाही, आणि ते विकत न घेता दिवसाच्या भाड्याने आणणे शहाणपणाचे.

यंत्र कोणतेही असो, फवारल्यानंतर लगेच ब्रश फिरवावाच लागतो. ब्रश द्रवाला चिरांत ढकलतो, ओघळ पसरवतो आणि खडबडीत तंतूंमध्ये अडकलेली हवा बाहेर काढतो. पहिला हात ओला असतानाच दुसरा द्यावा, कारण एकदा सुकलेला सीलर पाण्याबरोबर स्वतःच्या दुसऱ्या हातालाही आत येऊ देत नाही. फळ्यांची टोके, आडव्या पट्टीच्या मागची बाजू आणि खांबाचा बुंधा यांना फवाऱ्याचा पट्टा बहुधा चुकवून जातो, म्हणून त्या जागा ब्रशनेच, आणि द्रव पिणे थांबेपर्यंत, भराव्यात. लाकूड तयार आहे की नाही याची परीक्षा पाण्याच्या थेंबाने करता येते. फळीवर ठेवलेला थेंब मोत्यासारखा गोल राहिला, तर फळी अजून ओली आहे, जुना सीलर शिल्लक आहे किंवा गिरणीच्या पात्याने पृष्ठभाग दाबून गुळगुळीत झाला आहे. थेंबाच्या कडा पसरल्या, त्याच्या खालचे लाकूड गडद झाले आणि काही मिनिटांत तो दिसेनासा झाला, तर नळ्या मोकळ्या आहेत. तांब्याच्या क्षारांनी दाबाखाली भिजवलेले पाइनचे नवे कुंपण या परीक्षेत अनेक आठवडे नापास होते. सिडार घासताना मास्क बांधावा, कारण त्याच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लाने दमा जडू शकतो.

एअरलेस गनच्या तोंडाशी बोट कधीही नेऊ नये. तिची धार कातडी भेदून द्रव हाताच्या आत, स्नायूबंधांच्या आवरणांतून दूरवर पसरवते. बाहेरची जखम टाचणीच्या टोकाएवढी आणि पहिले काही तास जवळजवळ न दुखणारी असल्याने लोक ती धुऊन पट्टी लावतात, आणि तेवढ्यात आतले ऊतक मरू लागते. अशा जखमेला तत्काळ शस्त्रक्रियेची गरज असते, आणि उशीर झाल्यास बोट कापावे लागण्याचा धोका खराच आहे. टिप तुंबली तर आधी यंत्र बंद करून दाब सोडावा, घोड्याला अडकण लावावी, मगच टिप उलटी करावी.

काम संपल्यावर सीलर पुसलेली फडकी हा उरलेला धोका आहे. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले पाण्यासारखी उडून वाळत नाहीत, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात, आणि या क्रियेत उष्णता निघते. फळीवर ती विखुरते. गोळा करून ठेवलेल्या फडक्यांत हवा पुरेशी शिरते पण उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढते, त्याबरोबर क्रियेचा वेगही वाढतो, आणि काही तासांत ठिणगीवाचून आग लागते. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग अशाच जवसतेलाच्या फडक्यांतून सुरू झाली आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान दगावले. म्हणून फडकी एकेक सुटी पसरून उघड्यावर पूर्ण कडक होऊ द्यावीत, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रावर द्यावीत, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग एका रात्रीपुरताही ठेवू नये.